गावच्या माणसाला गावचेच चित्र विकताना

कोकणातील निसर्गाची छायाचित्रे पर्यटकाला विकणे फारसे अवघड नसते. तारकर्लीचे निळे पाणी, गणपतीपुळ्याचा किनारा किंवा मुरुडच्या जंजिऱ्याआड बुडणारा सूर्य त्याने नुकताच पाहिलेला असतो आणि त्या सहलीची आठवण म्हणून तो खिशात हात घालतो. त्याच किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला मात्र समुद्र आणि सूर्यास्त दोन्ही जन्मभर फुकट मिळालेले असतात. त्यांच्यासाठी त्याने पैसे मोजावेत अशी अपेक्षा धरणेच बरोबर नाही. तो पैसे काढतो ते आपल्या वाडीतील साकवासाठी म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलासाठी, शिमग्यात पालखी जिथे टेकते त्या सहाणेसाठी, आजोळच्या घराच्या पडवीसाठी, किंवा पूल होण्यापूर्वी ज्या तरीच्या होडीने तो शाळेत जात असे तिच्या धक्क्यासाठी. ही गोष्ट मनाशी पक्की केली की विषय कोणता निवडावा, किती मोठे छापावे, केव्हा आणि कोठे विकावे, या पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे तिच्यातूनच निघतात.

गिऱ्हाईक दोन ठिकाणी राहते

गावचे म्हणून जे गिऱ्हाईक आपण धरतो, त्यातले निम्मेअधिक गावात नसतेच. मुंबई, ठाणे, डोंबिवली, नालासोपारा, विरार, पुणे येथे पोटासाठी गेलेला चाकरमानी हा या व्यवसायाचा खरा आधार आहे. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यापुरताच गाव त्याच्या वाट्याला येत असल्याने गावाचे चित्र भिंतीवर असावे ही ओढ त्यालाच जास्त असते. पण त्याची भिंत लहान असते. दोन खोल्यांच्या घरात दूरदर्शन संच, देव्हारा आणि कपाट यांच्यामधून जी जागा उरते ती पाहता १२ × १८ इंचांपेक्षा मोठे छायाचित्र तो क्वचितच घेतो, आणि ८ × १२ इंचांचे सहज घेतो.

गावात राहणारा गिऱ्हाईक वेगळा. डॉक्टरांचा दवाखाना, पतसंस्थेचे कार्यालय, खाणावळ, पाहुण्यांसाठी दोन-तीन खोल्या काढलेले घर, मुंबईच्या व्यापाऱ्यांना पेटीसोबत काही भेट पाठवणारा आंबा बागायतदार, ही इथली मोठी गिऱ्हाइके. त्यांच्याकडे भिंती मोठ्या असतात आणि २४ × ३६ इंचांचे काम तिथेच खपते. मात्र दवाखान्यात येणारा प्रत्येक रुग्ण त्या चित्रासमोर अर्धा तास बसून त्यातील चुका शोधणार आहे, हे विसरू नये.

विषय वाडीपर्यंत उतरवावा

‘कोकणातील सुंदर सकाळ’ या नावाचे छायाचित्र गावात विकले जात नाही. तेच छायाचित्र ‘खालची वाडी, व्हाळावरील साकव, श्रावण’ असे लिहून ठेवले तर त्या वाडीतील माणूस थांबतो, आणि वरच्या वाडीतील माणूस आमचा साकव का नाही, असे विचारतो. ही विचारणा वहीत गावाच्या आणि वाडीच्या नावासह टिपून ठेवावी, कारण पुढच्या हंगामात कोठे कॅमेरा घेऊन जायचे याची यादी तीच आहे. नावाच्या बाबतीत काटेकोर असावे. राजापूर तालुक्यातील कशेळी आणि महामार्गावरील कशेडी घाट यांची गल्लत झालेली पाटी एकदा दिसली की बाकीच्या कामावरचाही विश्वास उडतो. छपाईला देण्यापूर्वी मजकूर त्याच वाडीतील एखाद्या जाणत्या माणसाला वाचून दाखवावा. तो नावासोबत आणखी चार गोष्टी सांगेल आणि त्यातली एखादी मथळ्यात घालण्यासारखी निघेल.

कोणत्या जागा निवडाव्यात हे ठरवताना लोक कोठे थांबतात ते पाहावे. एस.टी.चा थांबा, त्यामागचा पिंपळाचा पार, देवळासमोरची दीपमाळ, जांभ्याच्या गडग्यांमधून जाणारी पाणंद, शाळेची कौलारू इमारत, खाडीकाठची जेटी या जागा परक्याला सामान्य वाटतात. गावच्या माणसाचे अर्धे आयुष्य त्यांच्यावर गेलेले असते. दाभोळहून धोपाव्याला जाणारी फेरीबोट हा पर्यटकासाठी गाडी पलीकडे नेण्याचा मार्ग आहे, पण दोन्ही काठांवरील लोकांसाठी तो रोजचा रस्ता आहे, आणि बोट धक्क्याला लागण्याच्या क्षणाचे छायाचित्र त्यांना आपले वाटते. किल्ल्यांचेही तसेच. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी आणि रायगड यांचा २०२५ साली जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यापासून त्यांची आकाशातून घेतलेली छायाचित्रे सर्वत्र मिळतात. त्यांत आणखी एकाची भर घालून फायदा नाही. हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव चालू असताना होड्यांच्या डोलकाठ्यांमागे दिसणारा सुवर्णदुर्ग, किंवा वाघोटण खाडीच्या पलीकडच्या काठावरून दिसणारा विजयदुर्ग, हा त्या त्या गावाचा किल्ला आहे आणि तो विकला जातो.

ऋतूच्या चुकीला गावात क्षमा नाही. दिनदर्शिका काढणाऱ्याने तर हे विशेष सांभाळावे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. अशा वेळी जुलैच्या पानावर समुद्रात निघालेले ट्रॉलर छापले तर रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून मालवणापर्यंत हसे होईल. जानेवारीला आंब्याचा मोहोर, मार्चला होळी आणि पालखी, मे महिन्यात आढीतला हापूस, जुलैत भातलावणी, नारळी पौर्णिमेला सजलेल्या होड्या, ऑक्टोबरात भातकापणी, आणि मार्गशीर्षात जत्रेतील दशावताराचा रंगमंच असा क्रम लावला की पाने आपोआप खरी वाटू लागतात. गावच्या जत्रांच्या तारखा छापल्यास दिनदर्शिका वर्षभर भिंतीवर राहते, परंतु सर्व तारखा आधी कळत नाहीत. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते, पंचांगावरून काढता येत नाही. अशा जत्रेसाठी पानावर मोकळी चौकट सोडावी आणि तारीख नंतर चिकटवण्यासाठी छोटी चिठ्ठी द्यावी. ती चिठ्ठी पोहोचवण्याच्या निमित्ताने गिऱ्हाइकाशी पुन्हा बोलणे होते, हा वरकड लाभ.

परवानगी आणि मर्यादा

देवळात कॅमेरा काढण्यापूर्वी गुरवाला किंवा देवस्थानच्या मानकऱ्यांना विचारावे. बऱ्याच ठिकाणी गाभाऱ्यातील चित्रण चालत नाही, पालखीचे चालते. ग्रामदैवताची प्रतिमा कपावर, सदऱ्यावर किंवा पायपुसण्यावर कदापि छापू नये. दिनदर्शिकेतही देवाचे चित्र घालताना विचार करावा, कारण देवाचे पान कोणी फेकत नाही, आणि वर्ष संपल्यावर ते कपाटामागे जमा होऊन पुढच्या वर्षीच्या आपल्याच दिनदर्शिकेची जागा अडवते. देव हवा असेल तर तो वेगळ्या, चौकटीत बसवण्याजोग्या कागदावर द्यावा.

मासळी विकणाऱ्या बाईचे, रापणीचे जाळे ओढणाऱ्या गड्यांचे किंवा भातलावणीतल्या बायकांचे छायाचित्र विकायचे असेल तर आधी त्यांना दाखवावे, संमती घ्यावी आणि एक प्रत त्यांच्या घरी नेऊन द्यावी. गावात ही प्रत जाहिरातीपेक्षा जास्त काम करते. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील किल्ल्यांवर ट्रायपॉड लावून व्यावसायिक चित्रण करायचे झाल्यास खात्याची परवानगी लागते. ड्रोनसाठी २०२१ च्या नियमावलीप्रमाणे आकाशाचा नकाशा पाहून, पूर्वपरवानगीशिवाय उडवता येते अशा हिरव्या क्षेत्रातच आणि १२० मीटरच्या आत उड्डाण करावे. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनने धंद्यासाठी चित्रण करणाऱ्याला चालकाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. बंदरे आणि तटरक्षक दलाची ठाणी असलेल्या या किनाऱ्यावर हे नियम कागदावरचे समजू नयेत. कातळशिल्पांवर, म्हणजे जांभ्याच्या सड्यावर कोरलेल्या प्राचीन आकृत्यांवर, रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू ओढणारे छायाचित्रकार आढळतात. बारसू असो वा उक्षी, सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन आले की रेषा आपोआप उठतात आणि खडूची गरज राहत नाही.

घराचे चित्र

या सगळ्यात सर्वांत खात्रीचे काम कोणते, असे विचारल्यास मी जुन्या घराचे चित्र हेच सांगेन. मंगलोरी कौले, जांभ्याचे चिरे, पुढे खळे, तुळशीवृंदावन, पडवीतला झोपाळा असलेली घरे पाडून तिथे स्लॅब पडतो आहे, आणि पाडण्याचा निर्णय घेणाऱ्यालाच त्या घराचे चित्र सर्वांत जास्त हवे असते. शाईच्या रेषांवर जलरंगाचा हलका हात देऊन काढलेले ए-३ आकाराचे चित्र या कामाला शोभते. प्रत्यक्ष घरासमोर बसून निदान कच्चे रेखाटन करावे, कारण छायाचित्रावरून काढलेल्या घराचा उतार आणि ओटीची उंची हमखास चुकते. कोणत्या खिडकीला गज आहेत, विहिरीचा रहाट कोणत्या बाजूला आहे, न्हाणीघराबाहेर चुलवण कोठे असे, हे घरातल्या वृद्ध बाईंना विचारावे. “काकी, माड हयात असताना कुठे होता?” एवढा प्रश्न विचारला की त्या अंगणभर फिरून सगळे दाखवतात. पडून गेलेला माड चित्रात उभा करण्याची मुभा चित्रकाराला आहे, छायाचित्रकाराला नाही. म्हणून या कामात कुंचला कॅमेऱ्याच्या पुढे आहे.

आता व्यवहाराचा भाग. कोकणातल्या घराच्या सातबाऱ्यावर आणि घरपट्टीवर जितकी नावे, तितके या चित्राचे संभाव्य गिऱ्हाईक. एका भावाने चित्र काढून घेतले की ते गणपतीत सर्व भावकीला दिसते आणि चुलतभावंडे प्रती मागतात. इथे कायदा ध्यानात ठेवावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार एखाद्याच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेले चित्र किंवा छायाचित्र यांचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणजे पावतीवर काहीच लिहिले नसेल तर दुसऱ्या भावाला प्रत विकण्याचा अधिकार आपल्याकडे राहत नाही. आगाऊ रक्कम घेतानाच पावतीवर ‘मूळ चित्र ग्राहकाचे, प्रती छापण्याचा व विकण्याचा हक्क चित्रकाराचा’ असे स्पष्ट लिहून दोघांनी सह्या कराव्यात. काही जण त्याला नाखूश असतात, विशेषतः जिथे घराचा वाद कोर्टात आहे तिथे. अशा वेळी हक्क त्यांच्याकडे ठेवून दर वाढवून घ्यावा. जुन्या स्टुडिओतील गावची छायाचित्रे पुन्हा छापतानाही छायाचित्रकाराच्या वारसांची लेखी परवानगी घ्यावी, कारण छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

छपाई आणि दमट हवा

आकाराचे गणित सोपे आहे. १२ × १८ इंचांची उत्तम छपाई इंचाला ३०० बिंदूंनी करायची तर ३,६०० × ५,४०० बिंदूंची प्रतिमा लागते. मोबाइलच्या ४,००० × ३,००० बिंदूंच्या छायाचित्रात लांब बाजूला इंचाला सुमारे २२२ बिंदू मिळतात, आणि हाताच्या अंतरावरून पाहण्याच्या चित्राला ते चालून जातात. व्हॉट्सअॅपवरून आलेली प्रत मात्र छपाईला कधीही देऊ नये.

खरी परीक्षा छापल्यानंतर, पावसाळ्यात होते. जून ते सप्टेंबर भिंती घाम गाळतात, कपाटातल्या कपड्यांना वास येतो, आणि चौकटीतल्या कागदावर बुरशीचे करडे ठिपके उमटतात. आपण विकलेले चित्र पुढच्या गणपतीत डागाळलेले दिसले तर त्या वाडीत पुन्हा विक्री होत नाही. म्हणून रंगद्रव्याच्या शाईने सुती कागदावर छापून घ्यावे. छायाचित्र आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची मधली चौकट असलीच पाहिजे, नाहीतर दमटपणाने कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना शाईसकट निघतो. पाठीमागे साध्या दाबीव लाकडाचा तक्ता फुगतो, तेथे अॅल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची पातळ शीट घालावी आणि कडा कागदी चिकटपट्टीने बंद कराव्यात, त्यामुळे कसरही आत जात नाही. चौकटीच्या मागच्या चारही कोपऱ्यांना रबराच्या जाड टिकल्या लावाव्यात, म्हणजे चौकट भिंतीला टेकत नाही आणि मागून हवा खेळते. गावात देवाच्या तसबिरी बसवणारा कारागीर हे सर्व करून देतो, पण त्याला एक नमुना आपल्या देखत करायला लावावा. समुद्राला लागून असलेल्या घरासाठी लोखंडी हूक देऊ नये. पितळी किंवा स्टीलचा द्यावा.

किंमत

किंमत ठरवताना दुकानदाराचा हिस्सा सुरुवातीपासून धरावा. समजा, १२ × १८ इंचांच्या छपाईला ६०० रुपये, चौकटीला ९००, बांधणीला १५० आणि आपल्या कामाला ६०० रुपये धरले, तर आपल्या हाती २,२५० रुपये यायला हवेत. कोकम आणि काजूगर विकणाऱ्या दुकानात माल ठेवून तिसरा हिस्सा द्यायचा असेल तर विक्रीची किंमत ३,३७५ रुपये होते. तीच किंमत घरून विकतानाही ठेवावी. घरी स्वस्त आणि दुकानात महाग, ही बातमी गावात संध्याकाळपर्यंत पोहोचते आणि दुकानदार माल परत करतो. ओळखीच्या माणसाने ‘आपल्यातलाच ना तू’ म्हणून घासाघीस केली, तर रकमेत सूट देण्यापेक्षा सोबत दोन पोस्टकार्डे द्यावीत. दर टिकतो आणि माणूसही राहतो.

मोठ्या चौकटीच्या शेजारी ए-४ ची पारदर्शक पिशवीतली प्रत, टेबलावरची दिनदर्शिका आणि पोस्टकार्ड असा खालचा माल असावा. १०० रुपयांत काहीतरी नेणारा माणूस पुढच्या वर्षी घराचे चित्र सांगायला येतो. ‘मर्यादित प्रती’ हा शब्द मात्र जपून वापरावा. २५ प्रती असे लिहिले तर सव्विसावी छापू नये, कारण गावात त्या कोणाकोणाकडे आहेत हे सर्वांना ठाऊक असते.

केव्हा आणि कोठे

गणपतीचा काळ सर्वांत मोठा, पण त्यातले सगळे दिवस सारखे नसतात. चतुर्थीच्या आधी मखर आणि बाजार, नंतर आरत्या, भजने आणि गौरीचे ओवसे. या धावपळीत कोणी पैसे मोजायला बसत नाही. दिवाणखान्यात नमुना लावून ठेवावा, येणारे-जाणारे पाहतात. गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर परतीच्या गाडीआधीचा दिवस विक्रीचा असतो, आणि त्या दिवशी माल तयार, बांधलेला आणि हाती देण्याजोगा हवा. रेल्वेच्या गर्दीत बर्थखाली किंवा मांडीवर मावेल तेवढेच चाकरमानी नेतो. मधली चौकट धरून सुमारे १६ × २२ इंचांचे झालेले चित्र जाते, त्याहून मोठे पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून द्यावे आणि चौकट मुंबईत करून घ्यायला सांगावे. शिमग्यात पालखी घरोघरी जाते तेव्हा विक्री करू नये, चित्रण करावे. मे महिना पाहुण्यांच्या खोल्या चालवणाऱ्यांचा, पण मोठी कामे त्यांना एप्रिलपूर्वीच हवी असतात.

उरलेल्या महिन्यांत मुंबईतील ग्रामस्थ मंडळांकडे जावे. त्यांची स्नेहसंमेलने आणि हळदीकुंकू दादर, परळ, डोंबिवलीच्या सभागृहांत होतात आणि एका गावची दोन-तीनशे माणसे एका छताखाली येतात. अध्यक्षांना आधी भेटून एक टेबल मागावे, फक्त त्याच गावची चित्रे न्यावीत, शेजारच्या गावाची एकही नेऊ नये. मंदिराच्या जीर्णोद्धाराला विक्रीचा काही भाग देऊ असे म्हटले असेल तर त्याचा हिशेब कार्यक्रम संपल्यावर लेखी द्यावा आणि पावती घ्यावी. मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर छायाचित्र टाकताना ते लहान आकाराचे आणि कोपऱ्यात नाव असलेले असावे. मागणी नोंदवताना निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, कारण गटातले ‘मला पण एक’ आणि प्रत्यक्ष पैसे यांत बरेच अंतर असते.

दुकानात ठेवलेल्या मालाची यादी दोन प्रतींत करून दुकानदाराची सही घ्यावी, उन्हाच्या बाजूला चित्र लावू देऊ नये आणि मे संपताच न विकलेला माल परत आणावा. केवळ वस्तूंची आणि राज्यातल्या राज्यात विक्री करणाऱ्याला वर्षाला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत वस्तू व सेवा कराची नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची नाही, त्यामुळे सुरुवातीला साधे पावतीपुस्तक आणि उधारीची वही पुरते. परत आणलेल्या चौकटी पावसाळ्यात माळ्यावर ठेवू नयेत; सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या बंद पेटीत, जमिनीपासून हातभर उंच, उभ्या लावून ठेवाव्यात आणि उघडीप मिळेल त्या दिवशी पेटी उघडून एकदा वारा द्यावा.